पोपट नको, काळा दाखव

"पोपट नको. पोपट कोनीबी दाखवते. तू मले काळा दाखव."

टीव्हीच्या दुकानात येऊन असं मागणारं गिऱ्हाईक मी माझ्या अख्ख्या नोकरीत एकच पाहिलं. चप्पल दाराबाहेर काढून ते आत यायचे. इथं देव नाही हे मी त्यांना पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. ते म्हणाले, "माहीत आहे. तुमच्याकडे पाहूनच समजलं."

शोरूमच्या त्या भिंतीसमोर तुम्हीही उभे राहिला असाल. वीस पडदे आणि विसांवर एकच पोपट. रंग इतके भडक की खऱ्या पोपटानं लाजून जंगल सोडावं. गिऱ्हाईक "वा, काय क्लिअर आहे!" म्हणतं, टीव्ही घरी नेतं आणि त्यावर मुंग्या आलेलं केबल पाहतं. आमचा धंदा याच भाबडेपणावर चालायचा. मी त्यातला हुशार सेल्समन होतो. ही बढाई नाही, पुढच्या गुन्ह्याची प्रस्तावना आहे.

हे काका हिंगण्याच्या एका कारखान्यात रंग तपासायचे. तीस वर्षं पत्र्यावरचा रंग पाहून "पास" किंवा "परत" एवढंच बोलले, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही बाकीची भाषा त्यांना फार लागत नसे. दोन्ही तळहात झापडांसारखे डोळ्यांच्या बाजूला धरून ते पडद्यावरची अंधारातली दृश्यं पाहायचे. मग डावीकडे भिंतीपर्यंत, उजवीकडे भिंतीपर्यंत, आणि शेवटी फरशीवर मांडी घालून. दुकानातली इतर गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जायची.

"एलसीडीचा काळा राखेसारखा आहे. परत."

"काका, पण हा बघा किती पातळ आहे."

"मले काय तो पोळीत गुंडाळून खायचा आहे?"

मालकाला तेव्हा पातळ एलसीडी खपवायचे होते. प्लाझ्मा टीव्ही जाड, जड आणि विजेला हावरा. त्याचे दिवस भरत आले होते. काकांनी मात्र कागदावर रेघ मारून दोन रकाने केले होते. त्याच आकाराचा प्लाझ्मा स्वस्त, काळा खरा, बाजूनं पाहिला तरी चेहरे फिके पडत नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉलला शेपटी नाही. एलसीडीवर वेगातला चेंडू मागे धुरकट रेघ सोडायचा. त्या शेपटीवर काकांचा विलक्षण राग.

कारण कळलं तेव्हा दुकानात आम्ही हसलो होतो. त्यांच्या बायकोला क्रिकेटचं वेड होतं. रेडिओच्या काळापासूनचं. एका डोळ्याची नजर काचबिंदूनं नेली होती, दुसरा जपून वापरणं चाललं होतं.

"डॉक्टर म्हणते, आहे तेवढं टिकवा," काका म्हणाले. "तिले जोवर दिसते, तोवर बॉल नीट दिसला पाह्यजे. बस."

शेपटीची परीक्षा प्लाझ्मानं पहिल्याच महिन्यात पास केली. काळ्याची परीक्षा मात्र तीन महिने चालली. तेवढ्यात दसरा आला, आणि मालकानं गर्दी खेचायला काका तपासत होते त्याच टीव्हीवर सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांचं एकच चॅनेल लावून ठेवलं. प्लाझ्माची ही खोड आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. न हलणारं चित्र फार वेळ राहिलं की पडदा ते धरून बसतो. उजव्या खालच्या कोपऱ्यात चॅनेलच्या लोगोची पिवळट सावली उमटली. अंधारात दिसायची नाही. उजेडाच्या, सपाट रंगावर दिसायची. हिरव्या मैदानावर तर हमखास.

दिवाळीच्या आधी काका आले, शेवटचा काळा पाहिला आणि म्हणाले, "पास. हाच बांध."

"काका, गोदामात नवा डबा आहे."

"डब्यातल्याचा काय भरवसा? हा मी तीन महिने तपासला."

'कोपऱ्यात डाग आहे', एवढं एक वाक्य पुरलं असतं. तो डिस्प्लेचा पीस खपवून टाक, असं मालकानं त्याच सकाळी सांगितलं होतं. मी म्हणालो, "तुमच्यासारखा पारखी नाही, काका." तीस वर्षं रंग तपासणारा माणूस खूश होऊन हसला. मालकानं संध्याकाळी माझी पाठ थोपटली. ती थाप मला अजून खुपते.

तिसऱ्या दिवशी काकांच्या घरून फोन आला. मी बेस्याला त्यांच्या घरी गेलो. मॅच चालू होती. काकू पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसल्या होत्या.

"ये गा बापू. मले एक सांग. त्या कोपऱ्यात फिल्डर उभा आहे का? बॉल कुठंबी गेला तरी हा हालत काहून नाही?"

हिरव्या गवतावर ती सावली ठणठणीत उभी होती. मी काकांकडे पाहिलं नाही.

"मले तर कोनी दिसत नाही, काकू."

काकूंनी चांगल्या डोळ्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "मग डोळाच गेला वाटते हा," त्या हळूच म्हणाल्या. निकाल लागल्यासारखं.

काका माझ्याकडे पाहत होते. पत्र्याकडे पाहायचे तसे. मी "परत" ऐकायला तयार होतो. ते म्हणाले, "चहा घेशीन?"

मी घेतला. साखर बरोबर होती.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. ते का बोलले नाहीत याची मी अनेक सोयीस्कर कारणं शोधली. मी फोन केला नाही. पुढे दुकान बंद पडलं, प्लाझ्माही संपला. काका गेल्याचं मला गेल्या उन्हाळ्यात कळलं, तेही दोन महिन्यांनी. तेव्हा कुठे मी बेस्याला गेलो. हिंमत करायला माणूस मरावा लागतो, अशा जातीचा मी.

काकूंना आता उजेड-अंधार एवढंच कळतं. टीव्ही भिंतीवर तिथंच होता, बंद. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काळी चिकटपट्टी चौकोनी कापून लावलेली होती. कडा इतक्या सरळ की कारखान्याची आठवण यावी. ही पट्टी कसली, मी विचारलं.

"ती तीट आहे," काकू म्हणाल्या. "तू गेला, अन् मी आठ दिवस टीव्हीकडे पाह्यलंच नाही. तुह्या काकानं मले डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणे, डोळा होता तसाच आहे. माहा काही इश्वास बसला नाही. मग त्यानं ती पट्टी लावली. म्हणे, एवढा चांगला टीव्ही आहे, नजर लागीन. तवापासून तो फिल्डर काही दिसला नाही, बाप्पा."

मी सांगितलं. गोदामातला नवा डबा, बातम्या, मालकाची थाप, सगळं. आणि हेही, की त्या दिवशी तो फिल्डर मला दारातूनच दिसला होता.

मग त्यांचा हात डोळ्याकडे गेला.

"म्हणजे माहा डोळा खरा होता?"

"हो काकू."

"अन् त्याले? त्याले दिसला होता?"

इथं खोटं बोलण्याची मला अजून एक संधी होती. सवयही होती.

"माह्याआधी."

"त्यानंच निवडला होता ना," त्या म्हणाल्या. "कसा सांगीन." त्या हसल्या की काय, मला नीट कळलं नाही. "दोघं मिळून मले आंधळी केलं गा तुम्ही. त्यानं निदान मंग पट्टी तरी लावली."

मी उठून पडद्याजवळ गेलो. पट्टीची कड नखानं उचलून पाहावी असं वाटलं.

"हात नको लावू," मागून आवाज आला. त्यांना कसं कळलं, देव जाणे.

मी हात मागे घेतला. खिडकीतल्या उजेडात बंद पडदा राखेसारखा करडा दिसत होता. दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूला धरून मी पाहिलं. पट्टी तेवढी काळी होती.