तीन टिपक्यांची विळी

२००१ सालची गोष्ट. रविवार होता. पुसेगावात दिवसभर पोलिओचे डोस पाजून मी खोलीवर परत निघाले होते… आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत घिसाड्यांची दोन पालं दिसली. भाता चालू होता. खोलीवर जाऊन जुन्या विळ्या पिशवीत भरल्या आणि तशीच तिकडे गेले.

मी तेव्हा नर्स होते आणि मला जुन्या विळ्या जमवायचा नाद होता. नाद तरी कसा म्हणू… चौऱ्याण्णवला आई गेली. घर आवरताना काकूनं तिची विळी भांडेवालीला देऊन टाकली, बदल्यात स्टीलचा डबा घेतला. मी ट्रेनिंगला होते. परत आले तर चुलीशेजारची ती जागा रिकामी.

तेव्हापासून लसीकरणाला ज्या गावात, ज्या तांड्यावर जाईन तिथं आधी स्वयंपाकघरात डोकावायचे. आईची कधी सापडली नाही, पण दुसऱ्या सापडत गेल्या. नवी स्टीलची द्यायची, जुनी आणायची. बाया हसायच्या… "शिस्टर, हे गंजकं नेऊन काय करून राहिल्या वो?"

हळूहळू मला विळीचं वय ओळखता यायला लागलं. पात्याचं शेपूट पाटातून आरपार नेऊन खाली ठोकून वाकवलं असेल तर ती जुनी. नट-बोल्टनं आवळली असेल तर अलीकडची. सगळं वहीत लिहून ठेवायचे, एकेकीचं गाव, लाकूड, अंदाजे साल.

सगळ्यात लाडकी होती ती डोंगरकडा गावातल्या एका घरातून आणलेली. सागाचा पाट, पाय टेकून टेकून मधे खोलगट झालेला. पात्याच्या बुडाशी तीन टिपके. वहीत मी तिच्यापुढे 'निजामकाळ' लिहिलं होतं, आणि येईल त्याला कौतुकानं दाखवत होते.

पालासमोर एक म्हातारे बाबा बसले होते, शेजारी त्यांची सून भाता ओढत होती. मी पिशवीतल्या सहा विळ्या त्यांच्यापुढे मांडल्या. बाबा पात्याला नखानं टिचकी मारून कान लावायचे, कानस थोडी घासून बघायचे आणि सांगायचे. ही बैलगाडीच्या चाकाच्या धावेच्या लोखंडाची, लई जुनी. ही कारखान्याची. मी भराभर लिहून घेत होते…

सहावी हातात घेतली आणि बाबा थांबले. टिपक्यांवरून अंगठा फिरवला.

मीच म्हणाले, "ही निजामाच्या वेळची आहे ना?"

"न्हाई बाई. बहात्तरच्या दुष्काळानंतरची हाय. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं लोखंड हाय हे."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"म्याच केली म्हणून." मग म्हणाले, "घण आमची कारभारीण शांता मारायची. पातं झालं की छिन्नीनं हे तीन टिपके ती टाकायची. मागच्या साली गेली. आमी करतो ते समदं इकतो बाई… तिच्या हातचं घरात काईच ऱ्हायलं न्हाई."

सून भाता सोडून जवळ आली. तिनंही टिपक्यांना हात लावून पाहिला.

"ही मला द्या," बाबा म्हणाले. "अशीच दुसरी करून देतो. आजच बसतो."

आणि मी… मी "बघते" म्हणाले. विळ्या पिशवीत भरल्या आणि निघाले. इतक्या वर्षांत मनासारखी मिळालेली ती एकच होती, ती हातातून सुटेना.

खोलीवर येऊन पिशवी रिकामी करताना लक्षात आलं. सात वर्षं मी घरोघर काय शोधत फिरत होते? आणि एक माणूस आपल्या बायकोच्या हातची वस्तू मागत होता, तर त्याला मी "बघते" म्हणून आले… माझीच मला लाज वाटली.

सकाळी ड्युटीच्या आधी धावत गेले. पालं उठली होती. तीन दगड आणि कोळशाची राख… कुणी म्हणालं सेनगावकडे गेले. तिथं एसटीनं जाऊन आले, नव्हते. पुढचे कितीतरी महिने भाता दिसला की मी थांबायचे आणि विचारायचे.

महाशिवरात्रीला औंढ्याला यात्रेत आमची आरोग्य पथकाची ड्युटी लागली. विळी घेऊनच गेले, आशा अशी फारशी नव्हती. त्याच दिवशी दुपारी खेळण्यांच्या दुकानांपलीकडून हाक आली, "ओ पोलिओवाल्या बाई!" बाबांनीच मला ओळखलं होतं.

विळी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तेव्हाच द्यायला हवी होती. तुम्हाला उगीच तकलीफ दिली."

"तकलीफ कायची?" बाबा पाटावर हात फिरवत म्हणाले. "तुमी ठिवली म्हणून तर ऱ्हायली. न्हाईतर कवाच भंगारात गेली असती."

मग त्यांनी ती सुनेकडे दिली. तिनं पदरानं पुसली, पाटावर पाय ठेवला आणि तिथंच कांदे चिरायला बसली. मला म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई, ताई."

त्या दिवशी माझा उपास होता. मी मोडला. ज्वारीची भाकरी आणि कांद्याचं पिठलं, बाबांच्या पंगतीला बसून खाल्लं. माझी चूक त्या माणसांनी अशी पोटात घातली… आज इतक्या वर्षांनी लिहिताना डोळे भरून आलेत.