वर्ग भरावा म्हणून

संस्कृतचा वर्ग भरावा म्हणून मी एकदा नव्हे, दरवर्षी थाप मारली. संगमनेरच्या शाळेत मी संस्कृत शिकवायचो. आठवीच्या मुलांना संस्कृत की हिंदी हे निवडावं लागे, आणि मुलं कमी आली की माझे तास धोक्यात. मग मी टेबलावर हात आपटून सांगायचो, विमान, अणू, झाडून सगळ्या रोगांवरची औषधं, सारं ऋषींनी आधीच लिहून ठेवलंय, फक्त वाचता यायला हवं. मी स्वतः कुठे वाचलं होतं? वर्ग भरायचा आणि मी खूश.

गेल्या महिन्यात कोल्हारहून एका जुन्या विद्यार्थ्याच्या बायकोचा फोन आला. तो आता पन्नाशीचा, उसाचा बागायतदार. साखर वाढलेली, पायाला जखम, आणि पठ्ठ्यानं स्वतःच इन्सुलिन बंद केलेलं. मोबाईलवर आलेल्या एका श्लोकात म्हणे मधुमेहाचा उपाय आहे.

"सर, डॉक्टर म्हनतात पाय जाईल. तुमचं तरी ऐकतील."

गेलो. त्यानं पट्टी बांधलेला पाय स्टुलावरून खाली घेतला, वाकून नमस्कार केला आणि कौतुकानं मोबाईल पुढे धरला. वाचून माझं डोकंच फिरलं. पहाटेचं वर्णन होतं ते! खाली कुणा दीडशहाण्यानं मराठीत मनाला येईल तो अर्थ ठोकून दिला होता. रोज कडुलिंबाचा रस घ्या, इंजेक्शन बंद करा.

"अरे, यात रोग नाही, औषध नाही. उजाडतंय, एवढंच आहे."

"वरवर तसंच दिसनार, सर. आत गुप्त ज्ञान हाय."

मी एकेक शब्द फोडून सांगितला. तो गालात हसत राहिला आणि मी चिडत गेलो. शेवटी ओरडलोच, "नसतं रे असलं काही त्यात!"

"पन तुमीच सांगितलं हुतं की वर्गात. मी त्याच्यासाठीच संस्कृत घेतलं हुतं."

मला स्वतःचीच इतकी चीड कधी आली नव्हती. त्याची बायको इन्सुलिनचं पेन हातात घेऊन दारात उभी होती. तिच्यादेखत म्हणालो, "खोटं सांगितलं होतं मी. मुलं मिळावीत म्हणून."

 तो मायेनं म्हणाला, "न्हाई सर. तुमी खोटं बोलनारं मानूस न्हाई. हिनं फोनवर रडून सांगितलं, म्हनून आता असं म्हनताय."

 बायको आत गेली आणि पेन परत फ्रीजमध्ये ठेवल्याचा आवाज आला.