थांबाताईंची घाई

आमच्या ऑफिसात त्यांना थांबाताई म्हणत, आणि हे नाव मीच पाडलं होतं. परिचारिकांची प्रमाणपत्रं ब्लॉकचेनच्या सामायिक नोंदवहीत ठेवणारा एक प्रोग्रॅम, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, होता. आमच्या बॅकएंडमधून त्याची फंक्शन्स कॉल करायचं, म्हणजे त्याला प्रश्न विचारायचं किंवा बदल सांगायचं, काम ताईंचं. नुसतं विचारायचं असेल तर उत्तर फुकट मिळतं. काही बदलायचं असेल तर सहीनिशी व्यवहार पाठवावा लागतो, आणि तो एकदा नोंदला गेला की ब्रह्मदेव आला तरी पुसता येत नाही. म्हणून प्रत्येक बदलाआधी ताई "थांबा" म्हणत आणि रंगीत तालीम घेत: व्यवहार न पाठवता नुसतं विचारायचं, हे चालेल का? आम्ही ताटकळत बसायचो. मला भयंकर वैताग यायचा.

त्या दुपारी एका बाईंनी खोट्या कागदांवर मिळवलेलं प्रमाणपत्र रद्द करायचं होतं. वशिल्याला वाव नको म्हणून, रद्द झालेलं प्रमाणपत्र परत देताच येऊ नये, असंच कॉन्ट्रॅक्ट लिहून घेतलेलं. साहेब मानगुटीवर बसले होते. ताईंनी घाईघाईने क्रमांक हाताने घातला, तालीम घेतली, 'चालेल' असं उत्तर आलं, आणि त्यांनी व्यवहार पाठवला. मग सवयीने त्या क्रमांकावरचं नाव मागवलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नाव भलतंच होतं.

प्रमाणपत्रं देणाऱ्या परिचर्या परिषदेची यादी एकापासून मोजते, कॉन्ट्रॅक्ट शून्यापासून. दरवेळी न चुकता एक वजा करणाऱ्या ताई आज तेवढंच विसरल्या. तालीम तरी काय सांगणार? प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं एवढंच तिला कळतं. कोणाचं, ते तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पडद्यावर नाव आलेल्या बाई अतिदक्षता विभागात परिचारिका होत्या. व्यवहार नोंदला गेला असता तर त्यांना जन्मात पुन्हा कुणाला सुई टोचता आली नसती.

साहेब म्हणाले, परत घ्या तो. परत घेता येत नाही, मी सांगितलं.

पण व्यवहार अजून रांगेत होता. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला टोकन नंबर असतो, आणि एका टोकनवर एकच व्यवहार नोंदला जातो. त्याच टोकनवर जास्त शुल्क भरून काहीच न बदलणारा, रिकामा व्यवहार पाठवायचा आणि तो आधी उचलला जावा अशी आशा करायची, एवढंच हातात होतं. ताई घाईने कळफलकाकडे वळल्या.

"थांबा," मी म्हणालो. "नंबर मी वाचतो, तुम्ही टाइप करा."

मी एकेक आकडा वाचला. रिकामा व्यवहार गेला. आता दोन्ही रांगेत. साहेब नखं खात होते आणि मला त्यांचा मनापासून राग येत होता. बऱ्याच वेळाने पडदा हलला: रिकामा व्यवहार नोंदला गेला होता, पहिला बाद.

साहेबांनी सुस्कारा सोडला. ताईंचा मात्र विश्वास बसेना. त्यांनी कॉन्ट्रॅक्टला पुन्हा विचारलं. प्रमाणपत्र वैध, असं उत्तर आलं. तेही पुरेना. त्यांनी रुग्णालयात फोन लावून त्या बाईंना बोलावून घेतलं, आणि आवाज आल्यावर काय बोलावं तेच सुचेना. पलीकडून त्या बाई चिडून काहीतरी बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कामात आहे, म्हणाल्या. नंतर करा."

आणि ताई टेबलावर डोकं टेकून रडायला लागल्या.