खंडेनवमीनंतरचा कोरा पडदा

अमळनेरच्या आमच्या घरात दसऱ्याआधीच्या साफसफाईचा एक नियम होता आणि तो माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला होता. गेल्या दसऱ्यापासून या दसऱ्यापर्यंत ज्या वस्तूला कुणाचा हात लागला नाही, ती वस्तू घराबाहेर. मग ती पितळेची असो नाहीतर लाकडाची. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझी बॅडमिंटनची रॅकेट या नियमात गेली. धुळ्याहून, माहेरून आणलेली. "वर्षात एकदा तरी खेळलीस का?" असं त्यांनी विचारलं. खेळणार कुठे आणि कोणाशी, हे मी मनात म्हटलं. रॅकेट भंगारवाल्याच्या गाडीवरून गेली ती मी खिडकीतून बघितली आणि तीन दिवस नानांशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा टायपिंग क्लास होता. तालुक्यातल्या कचेऱ्यांतले बरेच कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. क्लासात नाना अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि मधला उंबरठा ओलांडून घरात आले की अहिराणी. रागावले की क्लासातही अहिराणी. त्यावरून पोरांना अंदाज यायचा.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पोरं दारात उभी राहून "कॉम्प्युटर शिकवता का?" असं विचारायची आणि नाही म्हटलं की सायकल वळवून दुसरीकडे जायची. शेवटी नानांनी निम्मे टाइपरायटर विकून एक कॉम्प्युटर घेतला. शिकवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मी लग्नाआधी धुळ्याला तो कोर्स केला होता, आणि नवरा नोकरीसाठी जळगावला, फक्त रविवारचा घरी.

नानाही माझ्याकडूनच शिकले, पण एकदाच. सुनेला दुसऱ्यांदा विचारणं त्यांना जड जायचं. माउस त्यांना आवडला नाही. बोटांचं काम मनगटाने कशाला करायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आवडायचा तो काळा पडदा, जिथे आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. फायलींची यादी कशी काढायची, नक्कल कशी करायची, फाइल पुसायची कशी, एवढं त्यांनी उचललं. दहा बोटांनी, कीबोर्डकडे न बघता. पोरं बघत राहायची आणि नानांना ते माहीत असायचं.

पहिल्या बॅचमध्ये एक मुलगी होती, बाजारातल्या शिंप्याची. नानांच्या घरचे शर्ट पिढ्यान्‌पिढ्या त्याच दुकानात शिवले जायचे. ते घर मुसलमान, एकत्र, आणि मुलीने बारावीनंतर कुठे शिकायला जावं हे तिच्या काकांना अजिबात पसंत नव्हतं. तिच्या वडिलांनी भावांशी भांडून तिला पाठवलं होतं. नानांच्या घरात क्लास आहे, समोर त्यांची सून बसते, या दोन गोष्टींवर परवानगी मिळालेली. काही वावगं कानावर आलं तर घरी बसून काजं-बटणं करायची, हे ठरलेलं होतं. तिनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. हुशार होती पोरगी. मी सांगून संपायच्या आत तिचं करून झालेलं असायचं, मला तिला "अगं थांब" म्हणावं लागायचं.

अष्टमीच्या दुपारी शेवटची पाळी तिची होती. तिने माझ्यासमोर कॉम्प्युटर रीतसर बंद केला, वरून कापड टाकलं आणि घरी गेली. त्यानंतर नाना साफसफाईला बसले. हा त्यांचा दरवर्षीचा सोहळा. टाइपरायटर उलटे करायचे, रॉकेलमध्ये ब्रश बुडवून एकेक अक्षराचा दांडा घासायचा, शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडायचे. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. मी आत कडाकण्या तळत होते. नवमीला यंत्रांची पूजा झाली. कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, झेंडूची माळ. दसऱ्याचा दिवसही यंत्रं तशीच झाकून ठेवली. नाना सोनं वाटायला गावभर फिरून आले, येताना खुशीत म्हणाले, "बठ्ठं चकाचक शे." म्हणजे सगळं चकाचक आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास भरला. मी कॉम्प्युटर सुरू केला. नेहमीप्रमाणे अक्षरं धावली, ढगांचं चित्र आलं आणि गेलं, मग मधोमध काहीतरी सापडत नसल्याची एक चौकट आली. ओके दाबलं. पुढे निळसर हिरवा पडदा आला आणि झालं. डाव्या बाजूची छोटी चित्रं नाहीत, तळाची करडी पट्टी नाही, वेळ नाही, सुरुवात करायचं बटण नाही. नुसता बाण. माउस हलवला की बाण हलायचा, पण क्लिक करायचं कशावर?

मी बंद करून पुन्हा लावला. तेच. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबले, तर चालू असलेल्या कामांची खिडकी आली, तिच्यात जवळजवळ काहीच नव्हतं. सुरू होताना एफ-आठ दाबून सेफ मोडमध्ये गेले. तिथेही चार कोपऱ्यांत अक्षरं आणि मध्ये रिकामं रान. मागे उभी असलेली पोरं कुजबुजायला लागली. टाइपरायटरची टकटक थांबली तसे नाना टेबलावरून उठून आले.

"काय व्हयनं?"

अहिराणी ऐकून पोरं दोन पावलं मागे सरकली. मी म्हटलं, पडदा येतोय पण डेस्कटॉप आणि टास्कबार येत नाही. नानांनी पडद्याकडे बघितलं, मग वळून विचारलं, "शेवटी कोण बसलं होतं?"

सगळ्यांनी शिंप्याच्या पोरीकडे बघितलं.

"सर, मी बंद करून उठले होते. मॅडमनी बघितलं," ती म्हणाली.

"हो नाना, माझ्यासमोर बंद केला तिने," मी म्हटलं.

"नीट बंद केला तर मग नीट उघडत का नाही?" नाना म्हणाले. आवाज चढवला नाही. तिला म्हणाले, "तुला घाई फार. उद्यापासून येऊ नकोस." तिने ओढणी सारखी केली, चपला घातल्या आणि गेली. रडली वगैरे नाही. माझ्या मात्र डोक्यात सणक गेली. सासऱ्यांशी पोरांसमोर वाद घालायचा नाही हे अंगात मुरलेलं, म्हणून उठून कॉम्प्युटरवर कापड टाकलं.

दुपारी नाना वामकुक्षीला गेल्यावर मी काळा पडदा उघडला. कॉम्प्युटर सुरू होतो, बाण येतो, म्हणजे पाया शाबूत आहे. डेस्कटॉप आणि पट्टी दाखवणारा जो प्रोग्राम असतो, त्याच्या हाताशी लागणाऱ्या फायलींपैकी काहीतरी नाही. मी सिस्टिमच्या फोल्डरची यादी काढली, एकेक पान थांबवत. पानामागून पान सगळ्या फायलींवर एकच जुनी तारीख, कंपनीत तयार झाल्याची. असंच असतं. पण यादीच्या अगदी शेवटच्या पानावर येऊन मी थबकले. तिथल्या शेवटच्या ओळींत जुन्या तारखेची एकही फाइल नव्हती. सगळ्या या वर्षातल्या.

मला रॅकेट आठवली.

नाना यादी थांबवून बघत नसत, कारण पान थांबवायची युक्ती मी सांगायची राहिली होती आणि त्यांनी विचारली नव्हती. यादी सरसर वर निघून जायची आणि शेवटी जेवढं पडद्यावर उरेल तेवढंच त्यांच्यासाठी फोल्डर. पडद्यावर उरलेल्या त्या फायलींच्या तारखा त्यांनी बघितल्या. गेल्या दसऱ्याच्याही आधीच्या. वर्षभरात कुणी हात लावलेला नाही. मग काय, घराबाहेर. टाइपरायटर आतून घासतात तसा त्यांनी कॉम्प्युटर आतून साफ केला होता, आणि मग मनापासून हळदकुंकू वाहिलं होतं.

त्यांच्या डोक्यात लबाडी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी कोण बसलं होतं असं विचारताना त्यांना स्वतःची आठवणच झाली नसणार. ते कॉम्प्युटरवर बसले नव्हते, त्यांनी तो साफ केला होता. साफसफाईने कधी काही बिघडतं का?

दुसऱ्या दिवशी कोऱ्या फ्लॉपी पिशवीत टाकून मी धुळ्याची एसटी धरली. माझा जुना क्लास सहा नंबरच्या गल्लीत होता. तिथल्या सरांचा कॉम्प्युटर आमच्यासारखाच, त्याच दुकानातून आलेला. सरांनी ऐकून घेतलं, "सासरेबुवांनी झाडू मारला म्हणायचा," म्हणाले आणि पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. आमच्या कॉम्प्युटरवरची यादी मी वहीत लिहून आणली होती, ती शेजारी ठेवून हव्या त्या फायली फ्लॉपींवर उतरवून घेतल्या आणि दिवेलागणीच्या आत घरी आले.

फायली जागच्या जागी टाकल्या. कॉम्प्युटर सुरू केला. नाना मागे उभे होते. पडदा आला, एक क्षण तसाच कोरा राहिला, मग डाव्या बाजूला एकामागून एक चित्रं उगवली आणि तळाला पट्टी आली, तिच्या कोपऱ्यात घड्याळ. नाना म्हणाले, "काय नव्हतं यात?"

"जुन्या फायली," मी म्हटलं. "वर्षभर कुणी हात लावत नाही त्या. त्या नसल्या की हा उभा राहत नाही."

सून याहून जास्त काय बोलणार? नानांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. कानाची पाळी लाल झाली, तेवढ्यावरून मला समजलं. ते आत गेले आणि बराच वेळ हात धूत बसले.

सकाळी क्लासात त्यांनी जाहीर केलं, मशीन दुरुस्त झालं आहे. मला म्हणाले, "त्या पोरीला निरोप दे, ये म्हणावं." जणू पोरगी आजारी होती.

मी दुकानात गेले. तिचे वडील पायाखालचं मशीन थांबवून माझं बोलणं ऐकत होते. आतल्या, अर्धवट सरकवलेल्या पडद्याआड ती बसलेली, मांडीवर कुणाचा तरी शर्ट, हातात सुई. काजं-बटणं सुरूही झाली होती. तिचे काका दोनदा येऊन ऐकवून गेले होते, वडील म्हणाले. मास्तरचं मशीन मोडलं म्हणून हाकलली, हेच बाजारात झालंय. मग सावकाश म्हणाले, "पोर सांगस, तिनी काही करेल नही. मंग नानांनी येईसन सांगाले पाहिजे. तुम्ही नही, ताई."

मी ते वाक्य घरी येऊन नानांना जसंच्या तसं सांगितलं. नाना म्हणाले, बघू.

बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझी रॅकेट मी जाऊ दिली होती, ही पोरगी जाऊ देणार नव्हते. मी क्लासात जायचं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. स्वयंपाकघरात शेंगदाणे निवडत बसले. नाना दारात येऊन म्हणाले, बॅच आली आहे. मी म्हटलं, "हो का." दुसऱ्या दिवशीही तेच. पोरं कोऱ्या नजरेने झाकलेल्या कॉम्प्युटरकडे बघून घरी गेली. नानांना तो सुरू करता येत होता, पण बॅच शिकवता येत नव्हती, आणि हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चाल."

दुकानात गिऱ्हाईक होतं. मला वाटलं ते जाईपर्यंत नाना थांबतील. थांबले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी कबूल केलं, "ते मी करेल शे. पोरनी नही." गिऱ्हाइकाने वळून बघितलं. शिंप्याने हातातली पट्टी गळ्यात टाकली, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. नानांनी चहा पूर्ण प्यायला. कॉलर कशी असावी यावर दोघं थोडं बोलले. जाताना नाना पडद्याकडे बघून म्हणाले, "उद्या ये, बेटा."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला नानांचा अभिमान वाटला. त्यांच्या वयाचा, त्यांच्या मानाचा दुसरा माणूस बाजारात उभा राहून असं बोलला नसता. घरी येऊन मी त्यांच्या आवडीची, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी केली.

पोरगी दुसऱ्या दिवशी आली. मी कॉम्प्युटर सुरू केला, चित्रं आली, पट्टी आली, खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली. ती बसली, पण हात मांडीवरच राहिले.

"मॅडम, हात लावू?"

टेबलावरून नाना म्हणाले, "लाव ना बेटा. विचारतेस काय?"

ती हलली नाही. नानांकडे तिने वळूनही बघितलं नाही. माझ्याकडे बघत बसून राहिली, आणि मी मान हलवल्यावर माउस धरला.

कोर्स संपेपर्यंत हे रोज चाललं. रोज ती विचारायची, रोज नाना तिकडून "लाव" म्हणायचे आणि ती माझ्या मानेची वाट बघायची. पुढे पुढे नाना म्हणेनासे झाले. तिने विचारलं की ते खाली मान घालून एखाद्या टाइपरायटरची रिबीन बदलत बसायचे.