‘काय नसे’ऑलॉजीची नोकरी

दवाखान्यातल्या आमच्या विभागात व्यायामाची साधी सायकल यायची तर टेंडर निघावं लागतं. टेंडर निघायचं तर सही लागते, आणि सही करणारे साहेब कायम दौऱ्यावर. किस्से तेवढे बिनटेंडरचे येतात! रोज एक तरी. मी आणि आमचे अटेंडंट दुर्योधनभाऊ दुपारी डबा घेऊन बसलो की आधी किस्सा निघतो, मग भाजी. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

मी मूळची ऊर्जानगरची. बाबा वीज केंद्रात, आम्ही क्वार्टरमध्ये. आधी फिजिओथेरपी केली, मग काइनेसिऑलॉजी. म्हणजे माणसाचं शरीर हलतं कसं, चालतं कसं, कुठे अडतं, त्याचा अभ्यास. एवढं एकच वाक्य आहे. ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला दोन जिल्ह्यांत अजून भेटायचा आहे.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. कंपनी बसच्या स्टॉपवर बाबांचे एक मित्र भेटले.

“काय शिकून राह्यली बाई?”

“काइनेसिऑलॉजी, काका.”

“काय नसे?”

“काइ-ने-सि...”

“थांब, मीच सांगतो काय नसे. नोकरी नसे!”

अख्खा स्टॉप हसला. बाबापण हसले, त्याचा राग मला आजही आहे. काकांचा मुलगा इंजिनिअर झाला आणि चार वर्षं घरीच बसून आहे. मी काकांना काही विचारत नाही. बाबा विचारतात. दर चौदा एप्रिलला, मिरवणुकीत, मुद्दाम गाठून!

\* \* \*

तर नोकरी लागली. गडचिरोलीला, एका दवाखान्यात, कंत्राटी. रुजू व्हायला गेले तर ऑर्डरवर पदाचं नाव ‘चलन तज्ज्ञ’. कोण्या विद्वानाने शब्दकोश उघडून केलेलं भाषांतर! आस्थापनेच्या बाबूंनी कागद वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि म्हणाले,

“लायसन आनलं का?”

“रजिस्ट्रेशन आणलंय.”

“गाडीचं नाई विचारून राह्यलो, तुमचं विचारून राह्यलो. चलन तज्ज्ञ म्हंजे ड्रायव्हरच ना? हेवी का लाइट?”

मी म्हटलं, “माणसं.”

“म्हंजे पॅसेंजर!” बाबू म्हणाले, आणि त्यांनी माझी फाइल वाहन विभागात पाठवून दिली. तीन आठवडे माझी हजेरी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांसोबत लागली. खरं सांगते, अख्ख्या दवाखान्यात तेवढेच लोक वेळेवर येत होते.

\* \* \*

नोकरी लागली म्हटल्यावर स्थळं आली. एक वरोऱ्याचं होतं, मुलगा बँकेत. सात माणसं आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने विचारलं, “म्हंजे तुम्ही हातपाय दाबता का?”

मी शांतपणे माझं ते एक वाक्य सुरू केलं. ‘चालतं कसं’पर्यंत पोचले, तर मुलाच्या मामांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. “हे पाहा बरं, पायऱ्या चढलो का कटकट वाजते.” मग काकूंनी खांदा दाखवला. मग मुलाने स्वतः, लाजत लाजत, मान. मी एकेकाला भिंतीशी उभं करून तपासलं आणि व्यायाम सांगितले. मामांना म्हटलं, रोज खुर्चीवरून वीस वेळा उठायचं, हात न टेकवता. मामांनी दोनदा केलं आणि घामाघूम झाले.

आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण उठबशा काढायला लावते!

बाबा तणतणले. “हे लोक पोरगी पाहाले आले होते का गुडघे दाखवाले?”

\* \* \*

एकदा वरून आदेश आला, तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांच्या पाठदुखीवर शिबिर घ्या. पोस्टर वरूनच छापून आलं होतं. पोस्टरवर कोटटाय घातलेला एक गोरा माणूस पुठ्ठ्याचा खोका उचलतोय, पाठ सरळ, गुडघे वाकलेले. आम्ही एटापल्लीकडच्या एका गावात ते झाडाला टांगलं. बाया जमल्या. एका म्हातारीने बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, “यानं काय चोरलं?”

खाली सूचना होत्या. मी तर वाचायलाही लाजत होते, पण सोबतच्या अधिकाऱ्यांनी खड्या आवाजात वाचल्या. “दर वीस मिनिटांनी खुर्चीवर बसून विश्रांती घ्या!”

पहाटेपासून जंगलात वाकून पानं तोडणाऱ्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “खुर्ची कोन आनून देते? वाघ?”

अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं, ‘उपस्थितांनी उत्साहाने प्रश्न विचारले.’

\* \* \*

आता एका मेजरचा ऐका. पोलीस भरतीची एक अकॅडमी आहे, तिचे मालक स्वतःला मेजर म्हणवतात. फौज त्यांनी सव्वीस जानेवारीला टीव्हीवर पाहिली असेल तेवढीच. त्यांच्याकडची एक पोरगी, करिश्मा, माझ्याकडे आली. घरी दोन एकर धान, आणि ही घरातली पहिली भरतीला उभी राहणारी. नडगी दुखते म्हणाली. मी बोटाने दाबलं तर किंचाळली. हाडाला बारीक तडा होता.

मी मेजरना फोन केला. “पोरीला दीड महिना पळवू नका.”

“मॅडम, दुखणं डोक्यात असते, पायात नाई!”

“एक्स-रे पायाचा काढलाय,” मी म्हटलं.

करिश्माने माझं ऐकलं. अकॅडमी सोडली, रडली, घरी बसली. मग मी सांगितलं तसं, आधी चालणं, मग थोडं पळणं. पुढच्या भरतीत ती पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा दुर्योधनभाऊ तिच्याहून जास्त रडले.

दुसऱ्या दिवशी चौकात अकॅडमीचा फ्लेक्स लागला. वर मेजर, गॉगल लावून. खाली करिश्मा. ‘सरांच्या कठोर मार्गदर्शनाचे फळ!’ पोरीचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. “मॅडम, पाह्यलं का? फोटो कमरेपर्यंतच घेतला. पाय कापून टाकले!”

\* \* \*

आणि आता सोमीबाईंचा.

धानोऱ्याकडच्या सत्तरीच्या बाई. मोहफुलं वेचताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पायात ताकद आली, मी स्वतः तपासलं. पण बाई पलंगावरून उतरायला तयार नाहीत. पाच आठवडे! रोज मी वॉकर घेऊन उभी, “चला बाई, दहाच पावलं.” रोज एकच उत्तर, “नाई.” डॉक्टर म्हणाले, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळ्या व्हा. मी लिहिलं नाही. पण माझाही धीर सुटत चालला होता. अशी पडून राहिलेली माणसं पुढे कशी जातात, ते मी पाहिलंय.

त्यात तपासणी आली. नागपूरहून साहेब, मागे दोघं मोबाइलने शूटिंग करत.

“एक पेशंट चालवून दाखवा.”

त्या दिवशी वॉर्डात माझी पेशंट एकच, सोमीबाई. साहेब वाकून ओरडले, “आजी, वॉक करून दाखवा!” बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. साहेबांनी फाइल उघडली. “मॅडम, तुमचं पद ठेवायचं की नाही, त्याचाच रिव्ह्यू आहे हा.”

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेले दुर्योधनभाऊ दारातूनच म्हणाले,

“बाई, धानोऱ्याची गाडी लागली.”

सोमीबाई वळल्या. पाय खाली घेतले. वॉकरसाठी हात पुढे केला. उठल्या, आणि चालायला लागल्या! दहा पावलं नाही, अख्खा व्हरांडा. मी मागून कमरेशी हात धरून, माझ्या मागे साहेब, साहेबांच्या मागे शूटिंग. फाटकाशी त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा मला रडू आवरेना.

“बाई, इतके दिवस काऊन नाई चालल्या?”

“तुमी रोज चाल, चाल म्हना. कुठी जाचं थे कोनी सांगे नाई!”

“एक्सलंट!” साहेब म्हणाले. “ही कोणती टेक्निक?”

“धानोरा, साहेब,” दुर्योधनभाऊ म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं.

दोन दिवसांनी सोमीबाई खरोखरच धानोऱ्याच्या एसटीने घरी गेल्या, पुढच्या सीटवर बसून. माझं पद राहिलं. महिन्याभराने पत्र आलं: ‘धानोरा टेक्निक अत्यंत परिणामकारक आढळून आली असून, सर्व संबंधितांस तिचे प्रशिक्षण देऊन अहवाल सात दिवसांत सादर करावा.’

दुर्योधनभाऊंनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

“मॅडम, ट्रेनिंग देवाले कोनाले बोलवाचं? कंडक्टरले?”