उपासवाला झिंगा

सिरोंच्याकडे शाळेवर मास्तर असताना एका विहिरीच्या खोदकामातून निघालेली चुनखडीची फरशी मी घरी आणली. तिच्या एका कोपऱ्यात झिंग्यासारखा जीव उमटला होता. वाकलेली पाठ, डोक्याच्या मानानं भलेमोठे डोळे, पुढे पकडीचे पाय. दगडांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ तेव्हा गावात उतरले होते. त्यांनी भिंगातून पाहिलं. म्हणाले, "अंदाजानं सांगतो, पण झिंग्या-खेकड्यांच्या गोतातलं शिकारी कुटुंब दिसतं. वंश करोडो वर्षांपूर्वीच बुडाला."

बायकोला फरशी फार आवडली. देवाच्या पाण्याचा पितळी गुंड ठेवायला तिनं ती स्वयंपाकघरात मांडून घेतली. "हे काय उमटलं?" तिनं विचारलं.

आमच्याकडे श्रावण लागायच्या आत मासोळीचं भांडं, सुकलेल्या झिंग्यांचा डबा, सगळं पडवीत जातं. खरं सांगितलं असतं तर दरवर्षी ही फरशी मलाच उचलावी लागली असती. म्हणालो, "जुन्या झाडाचं पान आहे."

तेव्हापासून दर श्रावणी सोमवारी ती त्या पानाला हळदकुंकू वाहत आली. मी गुपचूप बघत आलो.

यंदा डॉक्टरांनी तिला बजावलं, मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत आणि चुकवायच्याही नाहीत. तरी पहिल्या सोमवारी तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नाही. दुपारी तिचे हात कापू लागले. मी वरणभाताचं ताट पुढे केलं.

"नाई. एकही श्रावण बाटला नाई माह्या घरात. आता म्हातारपणी बाटवू काय?"

"बाटलेलाच आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

ती फरशीकडे वाकून बघत बसली.

"झिंग्याले कुंकू लावून राह्यली होती मी? आन् तुमी मास्तर! पोराइले खरं बोला म्हणून छड्या मारत होते!"

मी हातातलं ताट बाजूला ठेवलं.

"शिकारी होता म्हणता हा?"

"हो."

"मंग कवापासून काई खाल्लं नाई यानं?"

"करोडो वर्षं झाली."

तिला हसू फुटलं. "माह्यापेक्षा मोठा उपासवाला निघाला हा. कुंकू काई वाया गेलं नाई. आणा ते ताट इकडं."

ती जेवली, तिनं गोळी घेतली आणि पदराला हात पुसत पडवीकडे बोट दाखवलं.

"उचला आता. श्रावण सरून पोया होईपर्यंत तिकडंच राहू द्या त्याले."

पाठ अजून दुखते आहे.