बाटलीतली मुठा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांइतका मुठेचा वास घेतलेला माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर तपासनीस होते. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी नदी धरली. दर रविवारी सकाळी घाटाच्या पायऱ्या उतरून ते एक बाटली भरतात आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवतात: तारीख, जागा, रंग, वास. वासाच्या रकान्यात बहुधा ‘असह्य’. गॅलरीत या बाटल्यांची रांगच आहे. नदीसाठी कुठे सभा असली की त्यातली एक पिशवीतून बाहेर निघते. एकदा ती बारशालाही निघाली. बाळाची आजी दचकली, तर म्हणाले, “अहो, नुसती बघा. पिण्याचा आग्रह नाही.”

दुसरं वेड उन्हाचं. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसावीत म्हणून ते सौर चुलीत शिजवलेलं वरण घेऊन दारोदार हिंडले. वरण बरं असायचं, पण वाटी रिकामी होईपर्यंत ते समोर उभे राहून विजेवर बोलत, आणि माणूस सही करून सुटका करून घेई. मीही तशीच केली. आता रोज सकाळी ते जुन्या पंचाने पॅनेल पुसतात, आणि आभाळ भरून आलं की दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात, घाटाजवळच्या नाल्यातून येणारं काळं पाणी कुठून येतं ते शोधायला आम्ही पाचसहाजण निघालो. पुढे हे, हातात काठी. प्रत्येक भिंतीकडे बघून “लोकांना लाज कशी वाटत नाही” चालूच होतं. शेवटी काठी एका पाइपवर थांबली. वर पाहिलं, तर आमच्याच गच्चीवरची पॅनेल उन्हात चमकत होती.

मग तेच म्हणाले, “हा मीच टाकून घेतला. सेक्रेटरी होतो तेव्हा. मैलापाण्याची लाइन तुंबली होती, पावसाळ्यापुरती सोय म्हणून. नंतर विसरलो.”

“राहू द्या हो, कुणाला कळतंय?” मी म्हणालो. इतकी वर्षं त्यांनी ज्यांना ज्यांना सुनावलं होतं, ते सगळे आता त्यांना सोडणार नव्हते, आणि सभेत त्यांचं पुन्हा कुणी ऐकेल याचीही खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर त्यांच्या अक्षरात सूचना होती: ‘नाल्यातलं सांडपाणी आपलंच आहे. जबाबदार मी. बोलायचं असेल त्यांनी संध्याकाळी पाच ते सहा यावं. नंतर मला कामं आहेत.’ सातजण गेले आणि मनसोक्त बोलून आले. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, आणि दोन महिने खेटे घालून ती लाइन पुन्हा मुख्य वाहिनीला जोडून घेतली.

हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्या मी उतरतो. ते वर कठड्याला टेकून ओरडतात, “वरवरचं नको, खालून भरा!” गेल्या रविवारी मी बाटली वर आणून दिली. त्यांनी हुंगली, आणि वासाच्या रकान्यात लिहिलं: ‘आहे. पण यात आता आमचा नाही.’

मी हसलो. ते हसले नाहीत. रुमालाने बाटली पुसत म्हणाले, “हा रकाना कोरा ठेवून एक तरी चिठ्ठी चिकटवायची होती हो मला.”

आयुष्यभर त्यांची थट्टा केली, पण तेव्हा नाही केली. मी बाटली पिशवीत ठेवली आणि पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं.